आप्पांचं पंपिंग ३० टक्के निघालंय. घरच्यांना हार्ट फेल्युअर कसं समजावू?

मेघना_पंचवटी

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागेल, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

माझे सासरे, आप्पा, वय ६८. भांडी बाजारात तांब्या-पितळेचं जुनं दुकान आहे, आजही गल्ल्यावर तेच बसतात. शुगर बरीच वर्षं आहे, बीपीही आहे. यंदा पावसाळ्यात त्यांना दम लागायला लागला. पंचवटीतून पूल ओलांडून सराफ बाजाराकडचा चढ ते आयुष्यभर चढत आलेत. आता मध्येच कुणाच्या तरी दुकानाच्या पायरीवर टेकायचे. संध्याकाळी मोजे काढले की पोटरीवर वळ उठलेला असायचा. अंगठ्याने दाबलं की खड्डा पडायचा आणि बराच वेळ तसाच राहायचा.

घरात प्रत्येकाचं वेगळं निदान. शेजारच्या काकू म्हणायच्या, दिवसभर पाय खाली सोडून बसतात म्हणून सूज. मोठे दीर म्हणायचे, वय झालं. आप्पा स्वतः म्हणायचे, पित्त आहे. रात्री आडवं झालं की खोकला यायचा, म्हणून खोकल्याचं औषध आणलं. मग एका उशीच्या दोन झाल्या, नंतर आरामखुर्चीतच झोपायला लागले. नवरात्रात एका रात्री उठून खिडकीशी जाऊन बसले, तोंडातून शब्द फुटेना. तेव्हा दवाखान्यात नेलं. फुप्फुसात पाणी झालं होतं. टू-डी इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, पंपिंग ३० टक्के आलं. अँजिओग्राफीत एक नस जुनीच बंद झालेली दिसली. डॉक्टर म्हणाले, कधीतरी झटका येऊन गेला असणार, शुगरमुळे कळला नाही. सध्या स्टेंट नको, औषधांवर भर द्यायचा.

आता घरी आलेत, बरं वाटतंय, पण घरातलं वातावरण विचारू नका. सिन्नरच्या आत्याबाई ‘हार्ट फेल’ एवढंच ऐकून रडत आल्या, आप्पांच्या पायाशी बसून राहिल्या. लोक शेवटचं भेटायला आल्यासारखे येतायत. उलट दीर म्हणतात, ऑपरेशन नाही, स्टेंट नाही, म्हणजे विशेष काही नाही. आप्पा दिरांचं ऐकतात. दुकानातून सारखं उठता येत नाही म्हणून लघवीची गोळी टाळतात.

३० टक्के म्हणजे ७० टक्के हृदय गेलं का? मिठाऐवजी सैंधव चालेल का? सप्तशृंगी गडावर देवीला जायचं म्हणतात, नेऊ का? आणि मुख्य म्हणजे, या दोन्ही टोकांच्या माणसांना मी काय सांगू?

भाऊसाहेब_निफाड

ताई, काळजी करू नका. आमच्या वडिलांनाही असाच त्रास होता. अर्जुनाच्या सालीचा काढा सकाळ-संध्याकाळ दिला, फार फरक पडला. साधं मीठ बंद करून सैंधव चालू करा. पाणी भरपूर पाजा म्हणजे किडनी साफ राहते, सूज उतरते. देवी पाठीशी आहे.

सिस्टर_नाशिकरोड

मेघना, मी निवृत्त परिचारिका. बरीच वर्षं हार्टच्या आयसीयूत काढली. डॉक्टर नाही, त्यामुळे गोळ्यांचे डोस वगैरे मी सांगणार नाही. पण तुझ्या घरात जे चाललंय ते मी नोकरीभर पाहिलंय, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी आकड्याचं. हृदयाचा डावा कप्पा पूर्ण भरला की एका ठोक्याला त्यातलं किती रक्त बाहेर पडतं, तो हा टक्का. १०० कुणाचाच नसतो. चांगल्या धडधाकट माणसाचा साधारण ५५ ते ७० असतो. त्यामुळे आप्पांचे ३० हे १०० पैकी नव्हे, साठेकापैकी धर. कमी आहेत, नक्कीच कमी आहेत, पण ७० टक्के हृदय मेलं असा त्याचा अर्थ मुळीच नाही. आणि हा आकडा औषधांनी वर येऊ शकतो. माझ्या डोळ्यांदेखत आलेला आहे.

आता सूज कुठून आली ते आप्पांना नीट सांग, कारण हे कळलं की बाकीचं सगळं कळतं. हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणं नव्हे, ते पुढे रक्त कमी ढकलतं. तसं झालं की किडनीला वाटतं शरीरात पाणी कमी पडलंय. ती मीठ आणि पाणी धरून ठेवते. ते पाणी दिवसा पायात उतरतं. रात्री आडवं झालं की तेच पाणी परत रक्तात येतं, छातीवर भार पडतो आणि फुप्फुसात साचायला लागतं. म्हणून आडवं झाल्यावर खोकला, म्हणून दोन उशा, म्हणून आरामखुर्ची, म्हणून मध्यरात्री खिडकीशी बसणं. काकूंचं पायाचं कारण, दिरांचं वयाचं कारण आणि आप्पांचं पित्त, ही सगळी एकाच दुखण्याची लक्षणं होती.

मला सगळ्यात जास्त वाईट याचंच वाटतं. छातीत कळ आली, डावा हात भरून आला, की आता खेड्यातला माणूसही गाडी काढतो. एवढी जाणीव आली, चांगलंच झालं. पण पायाची सूज आणि रात्रीचा खोकला घेऊन हार्टच्या डॉक्टरकडे कुणी जात नाही. माणसं आमच्याकडे यायची ती बसूनही श्वास घेता येत नाही अशा अवस्थेत, आणि विचारलं तर कळायचं की उशी कधीची वाढवलेली होती. इथे वाचणाऱ्या प्रत्येकाने घरातल्या म्हाताऱ्या माणसांना एकदा विचारा: किती उशा घेता? चप्पल संध्याकाळी घट्ट होते का? एक मजला चढताना आता थांबावं लागतं का? उत्तर हो आलं तर इको करा. इकोत पंपिंग चांगलं आलं तरी तेवढ्यावर सोडू नका. हृदय ताठ झालेलं असलं, नीट सैल पडत नसलं, तर पंपिंग ५० च्या वर असूनही हार्ट फेल्युअर असतं. बीपी, शुगर, वजन जास्त असलेल्या बायकांमध्ये हे पुष्कळ दिसतं आणि ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ म्हणून त्यांना घरी बसवलं जातं. शंका असेल तर एनटी-प्रोबीएनपी नावाची रक्ततपासणी असते, डॉक्टरांना विचारा.

दिरांना माझ्याकडून हे सांग. २०१९-२० मध्ये देशभरातल्या ५३ रुग्णालयांतल्या दहा हजारांहून जास्त हार्ट फेल्युअरच्या रुग्णांची नोंद झाली, राष्ट्रीय नोंदणी आहे ती. सरासरी वय साठच्या आसपास, म्हणजे आप्पांपेक्षाही लहान. दर सातातला एक जण ९० दिवसांत दगावला. म्हणून ‘विशेष काही नाही’ असं म्हणू नका. पण त्याच नोंदणीत हेही दिसलं की पंपिंग कमी असलेल्यांपैकी निम्म्याहून कमी लोकांना मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पूर्ण औषधं मिळत होती, आणि ज्यांना मिळत होती त्यांच्यात मृत्यू कमी होते. हे आत्याबाईंना सांग. रडण्यापेक्षा गोळ्यांच्या डब्याकडे लक्ष ठेवलं तर आप्पांचा खरा फायदा आहे.

गोळ्या सहसा चार गटांच्या असतात, शिवाय लघवीची. सुरुवात लहान डोसने होते आणि काही आठवड्यांत तो वाढवत नेतात. बीपी पूर्वीपेक्षा कमी दिसेल; ते बरेचदा अपेक्षितच असतं. चक्कर आली तर डॉक्टरांना फोन करा, पण मनाने गोळी बंद करू नका. नव्या गोळ्या सुरू झाल्यावर, डोस वाढवल्यावर एक-दोन आठवड्यांत रक्तातलं क्रिएटिनिन (त्यावरून किडनीचं काम कळतं) आणि पोटॅशियम तपासायला सांगतात. ती तपासणी चुकवू नका. उलट्या-जुलाब लागले तरीही लगेच विचारा, कारण त्या दिवसांत काही गोळ्या थांबवाव्या लागतात.

लघवीच्या गोळीचा तोडगा सोपा आहे. गोळी घेतल्यावर तासाभरात जोर सुरू होतो, काही तास राहतो आणि मग ओसरतो. भांडी बाजार काही पहाटे उघडत नाही. डॉक्टरांना विचारून सकाळी सहाला द्या, दुकानात पोचेपर्यंत बराचसा भर ओसरलेला असेल. संध्याकाळी उशिरा मात्र नको, झोपेचं खोबरं होतं.

वजनाचा काटा आजच आणा. रोज सकाळी, लघवी-शौच झाल्यावर, चहाच्या आधी, तशाच कपड्यांत वजन करायचं आणि वहीत लिहायचं. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ती चरबी नव्हे, पाणी आहे. सूज दिसायच्या आधी, दम लागायच्या आधी काटा सांगतो. तेव्हा फोन केला तर बहुतेक वेळा डोस बदलून भागतं. चार दिवस थांबलात तर ॲडमिट करावं लागतं.

भाऊसाहेब, तुमच्या वडिलांना आराम पडला याचा खरंच आनंद आहे, पण तीन गोष्टी इथे लिहायलाच हव्यात. सैंधवही सोडियमच आहे, त्याने भागत नाही. पाणी भरपूर पाजणं आप्पांसारख्या माणसाला घातक ठरू शकतं. किती प्यायचं ते डॉक्टर ठरवतील. आणि काढा घ्यायचाच असेल तर डॉक्टरांना सांगून, चालू गोळ्या बंद करून कधीच नाही.

मिठाबद्दल अजून एक. भाजीतलं मीठ सगळे कमी करतात, पण आपल्याकडचं खरं मीठ ताटाच्या डाव्या बाजूला असतं. पापड, लोणचं, ठेचा, तळलेल्या सांडग्या मिरच्या. पापडात तर मिठाशिवाय पापडखारही असतो, तोही सोडियमचाच. चिवडा, शेव, मिसळीवरची फरसाण. गॅस झाला म्हणून पाण्यात टाकून फसफसवतात ती पूड, खाण्याचा सोडा, तेही तेच. दिवाळी झाली की दुसऱ्या आठवड्यात आमचा वॉर्ड भरायचा आणि उन्हाळ्यात लग्नसराईच्या पंगतींनंतर पुन्हा भरायचा. उपवासाचे वेफर्सही यातच आले, नवरात्रात दम वाढला यात मला नवल वाटलं नाही.

औषधवाला_सिडको

सिस्टरताईंनी सगळं लिहिलंय, मी दुकानातल्या दोन-चार गोष्टी घालतो. माझं मेडिकल स्टोअर आहे.

एक, गुडघा दुखला म्हणून येऊन लोक जी गोळी मागतात, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, ती हार्ट फेल्युअरमध्ये नको. पाणी साचवते, किडनीवर ताण आणते. आप्पांच्या वयाला गुडघे दुखणारच, आणि शेजारी स्वतःच्या गोळ्यांची पट्टी काढून देणारच. त्यांना आत्ताच सांगून ठेवा.

दोन, मेघनाताई, आप्पांना शुगर आहे म्हणून मुद्दाम लिहितो. घरात जुनी शुगरची स्ट्रिप असेल तर मागची बारीक अक्षरं वाचा. एका गोळीत तीन औषधं असतात त्यात पुष्कळदा पायोग्लिटाझोन असतं. ते अंगात पाणी धरतं, हार्ट फेल्युअरच्या रुग्णाला देत नाहीत. दवाखान्यातून आलेल्या यादीत ते नसेल, पण घरातली जुनी गोळी सवयीने चालू राहते असं मी बऱ्याच घरांत पाहतो. जुन्या सगळ्या स्ट्रिपा पिशवीत घालून पुढच्या वेळी डॉक्टरांसमोर ओता.

तीन, ‘लो सोडियम’ लिहिलेलं मीठ. त्यात सोडियमऐवजी पोटॅशियम असतं. आप्पांच्या यादीत स्पायरोनोलॅक्टोन असेल, किंवा बीपीच्या ठरावीक गोळ्या असतील, तर आधीच पोटॅशियम वाढण्याकडे कल असतो. त्यावर हे मीठ आणि रोज नारळपाणी म्हणजे हृदयाचे ठोके बिघडण्याची भीती. विचारल्याशिवाय नको.

खर्चाचं कुणी विचारलं नाही, पण गोळ्या बंद होण्यामागे बरेचदा तेच असतं, फक्त बोलत नाहीत. महिना संपत आला की एक दिवसाआड घेतात. हार्ट फेल्युअरच्या महागड्या गोळ्यांपैकी डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट २०२० मध्ये संपलं, सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टनचं २०२३ मध्ये, एम्पाग्लिफ्लोझिनचं २०२५ मध्ये. तिन्हींच्या किमती त्यानंतर खूप उतरल्या. जनऔषधी केंद्रात विचारा, डॉक्टरांनाही मोकळेपणाने सांगा की स्वस्त कंपनीचं लिहून द्या. यात लाजण्यासारखं काही नाही.

ओझरकर_५८

मी स्वतः पेशंट, म्हणून लिहितोय. ओझरच्या कारखान्यात होतो, रविवारी पांडवलेणी चढायची सवय. एका वर्षी अर्ध्या पायऱ्यांवर बसायला लागलो. दमा म्हणून तोंडाने ओढायचा पंप (इन्हेलर) चालू झाला, बरेच दिवस ओढत होतो. मग इको झाली तेव्हा पंपिंग २५.

मेघनाताई, आप्पांना एक सांगा. रात्री श्वास कोंडून जाग येते ती भीती काय असते हे आम्हालाच माहीत. ती कुणाला सांगता येत नाही, सांगितलं तर घरचे घाबरतात. मी मिसेसला सांगत नव्हतो, ती माझ्या उशा मोजायची. त्यांच्याशी एकदा एकट्याने बोला, दुकानाच्या गप्पा मारता मारता विचारा. लघवीच्या गोळीचं कारण ते सांगतात तेवढंच असेल असं नाही.

गोळ्यांनी पहिले काही आठवडे मलाही उठल्यावर चक्कर यायची. डॉक्टरांनी दोन गोळ्यांच्या वेळा लांब केल्या, जमलं. पुढे इको ४२ वर आली. मला वाटलं, आता गोळ्या सुटल्या. डॉक्टर म्हणाले, हा आकडा गोळ्यांनी आणलाय, सोडल्यात तर परत खाली जाल. तेव्हापासून एकही चुकवली नाही.

गडाचं विचारलंत. पाचशेच्या वर पायऱ्या आहेत, त्या आता विसरायच्या. पण २०१८ पासून फनिक्युलर ट्रॉली आहे, वरच्या बाजूला थोड्याच पायऱ्या उरतात. मी जाऊन आलो, पण डॉक्टरांनी हो म्हटल्यावर, वजन स्थिर असताना आणि मधल्या वारी, सकाळी. चैत्राच्या यात्रेत किंवा नवरात्रात नाही, रांगेत उभं राहवत नाही. रोजचं चालणं मात्र सोडू देऊ नका. मी नाशिकला मुलीकडे आलो की कृषीनगरच्या ट्रॅकवर जातो. चालताना सलग वाक्य बोलता आलं पाहिजे एवढाच वेग. धाप लागली की बाकावर बसायचं.

आणि दरवर्षी फ्लूची लस. मला एकदा साध्या सर्दी-तापाने थेट ॲडमिट व्हावं लागलं होतं.

मेघना_पंचवटी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी हा धागा आप्पांना आणि दिरांना मोठ्याने वाचून दाखवला. किडनीला पाणी कमी वाटतं हे ऐकून आप्पा म्हणाले, “मग तिला कुणीतरी सांगा की बाई, पुरे झालं.” तेच काम ती लघवीची गोळी करते असं मी म्हटलं, तर पहिल्यांदा त्यांनी गोळीचं पाकीट हातात घेऊन नीट पाहिलं.

औषधवाले दादा, तुमचे विशेष आभार. जुन्या डब्यात शुगरची तशीच तीन औषधांची गोळी निघाली, पायोग्लिटाझोनवाली. आप्पा दवाखान्यातल्या गोळ्यांबरोबर तीही घेत होते, ‘ही माझी नेहमीची’ म्हणून. लगेच दवाखान्यात फोन केला, ती बंद करायला सांगितली आणि उद्या शुगर बघून बदल करून देणार आहेत.

ओझरकर काका, तुम्ही म्हणालात तसं एकट्याने बोलले. दुकानात दम लागून पडलो तर बाजारात कळेल, मग कुणी उधारी देणार नाही, व्यापाऱ्याला आजारी दिसून चालत नाही, असं काहीतरी त्यांच्या मनात होतं. लघवीची गोळी हे निमित्त होतं. त्यावर काय करायचं ते अजून कळलेलं नाही, पण धाकटा मुलगा दुपारनंतर गल्ल्यावर बसेल असं ठरलंय.

आत्याबाईंना फोन केला. त्यांना सातातला एक हा आकडा सांगितला नाही. डब्यात गोळ्या भरून द्यायचं काम त्यांनी मागून घेतलंय, दर रविवारी सिन्नरहून येणार म्हणतात.

सिस्टर, एकच विचारायचंय. आज वजन कालपेक्षा सातशे ग्रॅम जास्त आलं. फोन करू का?

सिस्टर_नाशिकरोड

एका दिवसात सातशे ग्रॅम इकडेतिकडे होऊ शकतं, काल रात्री उशिरा जेवले असतील, पोट साफ झालं नसेल. उद्या सकाळी त्याच वेळी पुन्हा बघ. उद्याही वाढलं, किंवा आज रात्री उशी वाढवावी लागली, खोकला आला, चप्पल घट्ट झाली, तर दोन किलो व्हायची वाट बघू नकोस, फोन कर. बसल्या जागी दम लागला, गुलाबीसर फेसाळ थुंकी आली, छातीत दुखलं किंवा भोवळ येऊन पडले, तर फोनाफोनी नाही, थेट १०८.

ती शुगरची गोळी बंद केली ते फार बरं झालं. तिच्यामुळे साचलेलं पाणी काही दिवसांत उतरेल, वजन कमी होईल. तेव्हा चक्कर आली तर लघवीच्या गोळीचा डोस कमी करावा लागू शकतो, म्हणून उद्या डॉक्टरांकडे जाताना वजनाची वही बरोबर ने, आणि पोटॅशियमची तपासणी कधी करायची तेही तिथेच विचारून घे.